पैशाची गोष्ट चावडीवर

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एक बेत आखला होता. आमच्या शहरातल्या एका जुन्या वाचनालयात शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तके आहेत. पाने तुटायला आलेली, बांधणी सुटलेली. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी भारतात पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळे होते, त्यामुळे यातली बरीचशी कुणालाही छापता येतील, कुठेही चढवता येतील अशी. ती स्कॅन करून मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या मोफत ग्रंथालयावर, आणायची, त्यासाठी चांगला स्कॅनर घ्यायचा आणि स्कॅनरसाठी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनकडे छोट्या निधीचा अर्ज करायचा, असे ठरले. व्हॉट्सॲपवर गट केला. दोन महिने रोज बोलत होतो. कुठला स्कॅनर, किती किंमत, शनिवारी कोण मोकळे, ग्रंथपालांशी कोण बोलणार. ४० पुस्तकांची यादी झाली. एकाने काही लिहिले की बाकीच्या तिघांचे ‘छान’, ‘मस्त’ ठरलेले. एवढ्या काळात, ही पुस्तके आधीच कुणी स्कॅन केली आहेत का, हा साधा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नाही.

तो पडला चावडीवर. मराठी विकिपीडियावर सगळ्या सदस्यांनी मिळून बोलायचे जे पान आहे, त्याचे नाव चावडी. अर्ज धाडण्याआधी एकदा तिथे टाकू, असा हट्ट आमच्यातल्या सर्वांत धाकटीने धरला. आम्ही बाकीचे तिघे उपचार म्हणून कबूल झालो. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, आमची कुणाचीच ओळख नसलेल्या एका सदस्याचे. त्यांनी आमच्या यादीतले एकेक नाव इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर शोधून पाहिले होते. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली हजारो पुस्तके तिथे आहेत, आणि आमच्या ४० पैकी २६ त्यांत निघाली. पुढे त्यांनी विचारले होते की विकिस्रोतावर आधीच चढवलेल्या पुस्तकांची पाने मुद्रितशोधनावाचून पडून आहेत, मग पैसा यंत्रावर का घालता? पाने वाचून तपासणारी माणसे तयार करण्यावर का नाही?

आमच्याकडे उत्तर नव्हते. बेत बदलला. स्कॅनर गेला आणि त्याच्या जागी एका महाविद्यालयात मुद्रितशोधनाच्या कार्यशाळा आल्या, पहिल्या हिशेबाच्या निम्म्याहून कमी खर्चात. आम्ही चौघे काही बेफिकीर नव्हतो. पण आम्ही चौघे एकाच बाजूने पाहत होतो, आणि जिथे बोलत होतो तिथे पाचवा माणूस येऊच शकत नव्हता.

म्हणून मी हे ठामपणे म्हणते. स्वयंसेवकांच्या समूहाच्या नावावर एखाद्या कामासाठी पैसा मागायचा असेल, तर त्या कल्पनेची पहिली चर्चा समूहाच्या स्वतःच्या उघड्या जागेवर आणि त्याच्या भाषेत व्हायला हवी. तीही कल्पना कच्ची असतानाच. विकिपीडियाच्या बाबतीत ती जागा म्हणजे चावडी. खाजगी गट नव्हे, आणि सुरुवातीला तरी सगळ्या भाषांचे सामाईक मेटा-विकीही नव्हे.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि त्यातला मजकूर लिहिणारे लोक बिनपगारी आहेत. पण काही कामांना पैसा लागतोच. कार्यशाळेला सभागृह, प्रवासाचे भाडे, छायाचित्रणाच्या मोहिमेसाठी उपकरणे, कुणाला इंटरनेटचा खर्च. त्यासाठी विकिमीडिया फाउंडेशन अनुदाने देते. तातडीच्या छोट्या निधीची मर्यादा साधारण ५०० ते ५,००० डॉलर, म्हणजे आपल्याकडे ४० हजारांपासून ४ लाखांच्या पुढेपर्यंत जाणारी रक्कम. त्याहून मोठ्या अर्जांसाठी २०२१ पासून प्रादेशिक समित्या आहेत. दक्षिण आशियाची वेगळी समिती आहे आणि तिच्यात स्वयंसेवकच बसतात. अर्जांचा मजकूर मेटा-विकीवर प्रसिद्ध होतो. मेटा म्हणजे सगळ्या भाषांच्या विकिप्रकल्पांची मिळून असलेली समन्वयाची जागा, २००१ पासूनची. आणि हा पैसा मुख्यतः वाचकांनी दिलेल्या लहान लहान देणग्यांतून येतो. पानाच्या माथ्यावर दिसणारे आवाहन वाचून कुणीतरी १०० रुपये दिलेले असतात. तो देणारा कोणत्याही व्हॉट्सॲप गटात नसतो.

चावडी हे नाव आमच्या आधीच्या सदस्यांनी ठेवले, आणि फार विचाराने ठेवले असे मला वाटते. इंग्रजीत या पानाला गावातल्या पाण्याच्या पंपाचे नाव आहे, जिथे लोक सहज जमतात आणि बोलतात. मराठीत त्यासाठी पार हा शब्द तयार होता. वडाखाली बसावे, गप्पा माराव्यात, उठून जावे. तो न घेता चावडी घेतला. चावडीवर गावाचे दप्तर असते. वसुली तिथे, तंटा तिथे, दवंडी तिथून निघते. महसूल खात्यात आजही चावडी वाचन असते. सातबाऱ्याच्या आणि खात्याच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचायच्या, म्हणजे ज्याचे नाव चुकले असेल, ज्याचा वारस नोंदायचा राहिला असेल, तो उठून बोलेल. कागद तलाठ्याच्या कपाटात बिनचूक असू शकतो. तरी वाचतात, कारण चूक कुणाला दिसेल हे आधी कुणालाच ठाऊक नसते. आमच्या यादीतल्या २६ पुस्तकांचे तेच झाले.

पार नको असे मी म्हणत नाही. कल्पना सुचते ती पारावरच. दोन माणसे चहा पिताना बोलतात, तिसरा फोनवर भर घालतो, गटात चार निरोप फिरतात. हे सगळे व्हायला हवे, नाहीतर चावडीवर मांडायला काही उरणारच नाही. अडचण सुरू होते ती पारावरच ठराव झाला की. गटात कुणाला घ्यायचे हे गट उघडणारा ठरवतो. ज्याला घेतले नाही त्याला आपल्याला घेतले नाही हेही कळत नाही. नवा माणूस उशिरा आला तर मागची चर्चा त्याला सापडत नाही, आणि जुन्यांना तरी सहा महिन्यांनी ती कुठे सापडते? वाढदिवसाच्या शुभेच्छा, पुढे ढकललेले निरोप आणि एखादा वाद यांच्याखाली ती गाडली गेलेली असते.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. विकिपीडियावर टोपणनावाने काम करता येते, आणि कितीतरी जण तसेच करतात. बायकांना तर त्याचा मोठा आधार असतो. वादग्रस्त विषयावरचा लेख दुरुस्त करताना आपले नाव-गाव उघडे नसणे ही सुरक्षितता आहे. व्हॉट्सॲपच्या गटात यायचे तर फोन नंबर सगळ्यांसमोर ठेवावा लागतो. मी स्वतः एका गटात आले आणि आठवडाभरात अनोळखी नंबरांवरून रात्री अपरात्री निरोप येऊ लागले. बाहेर पडले. त्यानंतर त्या गटात ज्या मोहिमांचे बेत झाले, त्यांत माझे मत नव्हते. माझ्यासारख्या आणखी किती जणी असतील याचा हिशेब त्या गटाला कधीच लागणार नाही. निधीच्या कल्पना अशा जागी पक्क्या होत असतील, तर पैशाच्या निर्णयात कोण असेल हे नंबर द्यायची तयारी कुणाची आहे यावर ठरते, कामावर नाही.

मग सरळ मेटावरच का बोलू नये? ती जागा उघडी आहे, कायमची आहे, आणि पैसा देणारे तीच वाचतात. हा मुद्दा वजनदार आहे आणि काही वर्षे मलाही पटलेला होता. २०१३ मध्ये मेटावर आयडियालॅब नावाची जागा तयार झाली होती. तिथे अर्ज नव्हे, कल्पना मांडायची. कुणीही यावे, आपले कौशल्य सांगून सामील व्हावे, दोष दाखवावेत, पाठिंबा द्यावा, आणि त्यातून पिकलेली कल्पना पुढे अनुदानाच्या अर्जात जावी. अर्ज आणि कल्पना वेगळ्या ठेवण्याचा तो विचार मला आजही मोलाचा वाटतो. अर्ज एकदा लिहिला की माणूस त्याची बाजू लढवायला लागतो. कच्च्या कल्पनेवर मात्र तो ऐकून घ्यायला तयार असतो.

पण मेटा बहुतेक इंग्रजीत चालते. चर्चेची भाषा बदलली की बोलणारी माणसे बदलतात. मराठी विकिपीडियावर ज्यांनी गावे, नद्या, किल्ले, पिके यांवर वर्षानुवर्षे लिहिले, त्यांतले कितीतरी जण इंग्रजी वाचू शकतात, पण इंग्रजीत हरकत घेणे त्यांना जड जाते. हरकत घेणे हे भाषेतले अवघड काम आहे. समोरच्याला न दुखवता, पण नेमका दोष दाखवायचा असतो. त्यासाठी लागणारी लवचीकता माणसाकडे आपल्याच भाषेत असते. परक्या भाषेत तो एकतर गप्प बसतो किंवा ‘पाठिंबा’ एवढे लिहून सही करतो. पाठिंब्याला व्याकरण लागत नाही.

याचा परिणाम मी पाहिला आहे. मराठीच्या नावाने झालेल्या एका प्रकल्पाचे मला कळले ते काम संपल्यावर, अहवाल आल्यावर. मेटावरच्या अर्जाखाली पाठिंब्याच्या बऱ्याच ओळी होत्या. त्यांतली बहुतेक नावे मराठी विकिपीडियाच्या अलीकडील बदलांत, म्हणजे ताज्या संपादनांच्या यादीत, मी कधी पाहिलेली नव्हती. समाजाला कळवले आहे का, या प्रश्नापुढे होय लिहिलेले होते. चावडीच्या विदागारात, म्हणजे जुन्या चर्चांच्या साठ्यात, त्याचा मागमूस नव्हता. अर्जदाराची नियत वाईट होती असे मी म्हणणार नाही, तसे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. त्यांनी कळवले असेल, त्यांच्या गटात. पण त्या प्रकल्पात तयार झालेले लेख पुढे दुरुस्त करत बसले ते चावडीवरचे लोक, ज्यांना आधी कुणी विचारले नव्हते. मराठीत नसलेल्या संदर्भांचे भाषांतर, यंत्राने केलेली वाक्ये, दुहेरी झालेले लेख. विकीची देखरेख करणाऱ्या दोन प्रचालकांचे काही महिने त्यात गेले.

उघडेपणाने काय होते हेही पाहिलेले आहे. २०१८ मध्ये भारतीय भाषांच्या विकिपीडियांसाठी प्रोजेक्ट टायगर झाला. त्यात संपादकांना ५० क्रोमबुक आणि १०० इंटरनेट जोडण्या द्यायच्या होत्या. लॅपटॉप कुणाला मिळावा यासारखा नाजूक प्रश्न दुसरा नाही. पण अर्ज मेटाच्या पानावर सगळ्यांसमोर होते, प्रत्येकाखाली इतरांनी लिहायची जागा होती. आपल्याला का हवा हे ज्याने त्याने नावानिशी सांगायचे होते. सगळ्या भाषांसाठी मिळून एकच योजना होती, म्हणून तिथे मेटा हीच योग्य जागा होती. मराठीपुरत्या कामाला तो न्याय लागू होत नाही.

विकिपीडियापासून दूरची, पण मला सतत आठवणारी एक जागा आहे. गडचिरोली जिल्ह्यातले धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा बहुतेकांना माहीत असते. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला तेही वाचलेले असते. मला जास्त शिकवून गेली ती त्यांची पद्धत. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कुणीही यावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, एखाद्या विषयावर हवे तितके बोलावे, पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. बोलण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळ्या असल्या, तरी दोन्ही गावातच आहेत आणि दोन्हींचे दार उघडे आहे. निर्णयाचे ओझे नसल्यामुळे अभ्यासगटात मोकळे बोलता येते, आणि बोलणे आधीच झालेले असल्यामुळे ग्रामसभेत कुणाला चकवता येत नाही.

आमच्याकडे ठरवणारी समिती गावाबाहेर आहे. पैसा तिचा, निर्णय तिचा, ते मान्य. म्हणूनच बोलण्याची जागा तरी गावात हवी. ती नसेल तर समितीला दिसतो तो फक्त अर्जदार, आणि अर्जदाराच्या पाठीमागे मराठीचे काम करणारा एक समूह आहे हे तिने अर्जदाराच्याच शब्दावरून मानायचे. २०११ मध्ये बंगळुरूत नोंदवली गेलेली विकिमीडिया इंडिया ही सदस्यांची संस्था २०१९ मध्ये विकिमीडियाची मान्यता गमावून बसली. तेव्हापासून देशभरच्या सदस्यांना निवडणुकीने जोडणारी तशी शाखाही उरलेली नाही. चावडीवर लेखी काही नसेल, तर समूहाचा आवाज म्हणून दाखवायला हाती दुसरे काय आहे?

चावडीविरुद्ध दोन आक्षेप मी वारंवार ऐकते. पहिला असा की तिथे कुणी येत नाही. खरे आहे. कित्येक निवेदनांखाली एकही उत्तर नसते. पण लोक येत नाहीत म्हणून महत्त्वाच्या गोष्टी दुसरीकडे न्यायच्या, आणि महत्त्वाच्या गोष्टी तिथे नाहीत म्हणून लोक येत नाहीत, हे चक्र आपणच फिरवतो आहोत. पैशाची चर्चा तिथे आली की माणसे येतील, कारण पैशाबद्दल प्रत्येकाला काहीतरी म्हणायचे असते. गटात निरोप टाकावा, पण दुवा चावडीचा द्यावा आणि बोलणे तिथे करायला सांगावे. मोबाइलवरून चर्चापान वापरणे त्रासाचे आहे ही तक्रारही पूर्वीइतकी खरी राहिली नाही. आता प्रत्येक मताखाली उत्तर द्यायची सोय आहे, सही आपोआप होते, सहीसाठी टंकावी लागणारी चार टिल्डे (~) कुठे सापडतात ते शोधत बसावे लागत नाही.

दुसरा आक्षेप मात्र कठीण आहे, आणि मला त्याचे पूर्ण उत्तर सापडलेले नाही. नियमित काम करणारे आम्ही मोजके लोक. सगळे एकमेकांना ओळखतात. आज मी तुमच्या अंदाजपत्रकावर शंका घेतली, तर उद्या माझ्या लेखावर तुम्ही काय म्हणाल याची धाकधूक असते. त्यात विकीवर लिहिलेले पुसले जात नाही. दहा वर्षांपूर्वीचे कडवट वाक्य आजही इतिहासात तारखेसह दिसते. मोठ्या शहरात भांडून माणूस दुसऱ्या गल्लीत जाऊ शकतो, लहान गावात रोज त्याच विहिरीवर यावे लागते. म्हणून लोक म्हणतात की पैशाचे बोलणे आपापसात, फोनवर झालेले बरे. यातले दुःख मी नाकारत नाही. चांगली माणसे असल्याच वादांनंतर काम सोडून गेलेली मी पाहिली आहेत.

तरीही, बंद जागेत हरकत नाहीशी होत नाही. ती कुजबुज होते. ‘त्यांना कसे मिळाले’ हे वाक्य मी चावडीवर कधी वाचलेले नाही, फोनवर मात्र अनेकदा ऐकले आहे. त्याला उत्तर देता येत नाही, कारण ते ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. चावडीवरचा प्रश्न निदान उत्तर देण्याजोगा असतो. आणि तो सुसह्य करता येतो, कल्पना कच्ची असताना मांडली तर. पक्क्या अर्जावर शंका घेणे हा माणसाला आपल्यावरचा आरोप वाटतो. ‘असे करावे म्हणतो, काय वाटते?’ यावर घेतलेली तीच शंका मदत ठरते. आमच्या यादीवर त्या सदस्याने विचारले तेव्हा आम्हाला लाज वाटली, राग आला नाही. अर्ज मंजूर झाल्यावर विचारले असते तर राग आला असता, हे मला माझ्या स्वभावावरून ठाऊक आहे.

काही कामे मराठीच्या चावडीत मावणार नाहीत. कोकणी विकिपीडिया २०१५ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाला. गोव्यातल्या एखाद्या विषयावर मराठी आणि कोकणी सदस्यांनी मिळून काम करायचे ठरवले, तर दोघांपैकी एकाच्याच अंगणात बसणे दुसऱ्याला परके वाटेल. कोकणी तर देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा तीन लिप्यांत लिहिणाऱ्यांची. अशा वेळी मेटावर पान करावे आणि दोन्हीकडच्या चावड्यांवर त्याची दवंडी द्यावी. छायाचित्रांच्या देशभरच्या स्पर्धांचेही तेच. पण हे अपवाद आहेत, आणि अपवाद पुढे करून मराठीपुरते कामही मेटावर इंग्रजीत मांडले जाते तेव्हा मी ते मान्य करत नाही.

चावडीवर काय लिहावे? लांबलचक अर्ज नको. काय करायचे आहे, कशासाठी, साधारण किती पैसे, त्यातले मानधन किती आणि कुणाला, वस्तू घेतली तर नंतर ती कुणाकडे राहील. हा शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त भांडणे लावतो. समूहाच्या नावाने घेतलेला कॅमेरा वर्षभरात एकाच घरचा होतो, आणि मग तो मागायला कुणाची जीभ उचलत नाही. हे आधी लिहून ठेवले की उरते काय भांडायला? दोन आठवडे पान उघडे ठेवावे, शंकांना उत्तरे द्यावीत, आणि अर्जात त्या चर्चेचा दुवा द्यावा, उत्तर एकच आले असले तरी. समितीने मराठी वाचता येत नाही म्हणून तो दुवा बाजूला ठेवू नये, कुणाकडून तरी वाचून घ्यावा. दोन आठवड्यांत काहीच उत्तर आले नाही, तर तेही अर्जात तसेच लिहावे.

या महिन्यात आम्ही दुसरा बेत चावडीवर टाकला आहे. यादीतली जी १४ पुस्तके कुठेच स्कॅन झालेली नव्हती, त्यांचा. यंत्र विकत न घेता चार दिवस भाड्याने आणायचे, वाचनालयातच बसून काम करायचे, आणि पाने तपासायला कार्यशाळेतली मुले. शीर्षकातच ‘कच्चा’ असे लिहिले आहे. आतापर्यंत एकच उत्तर आले आहे, या वेळी एका नव्या सदस्याचे. वाचनालयाने परवानगी लेखी दिली आहे का, असे त्यांनी विचारले आहे. दिलेली नाही, ग्रंथपाल तोंडीच हो म्हणाले होते. सोमवारी जाऊन पत्र घेणार आहोत.